वरची टाकी काचेची, खालचा सम्प प्लॅस्टिकचा: जळगाव जिल्ह्यातले एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यावल-रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यातले आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम देत नाही. खाली ठिबकच्या साहित्याचे दुकान, वर घर. दुकान भाऊ आणि वहिनी दोघे मिळून चालवतात. गोड्या पाण्यातले मासे त्यांनी बरीच वर्षे सांभाळले होते, आणि मग समुद्राच्या पाण्याची टाकी करायची असे ठरले.

खान्देशातून जवळचा समुद्र म्हणजे सुरतेकडे तापी जिथे मिळते तो, आणि तोही शेकडो किलोमीटरवर. त्यामुळे समुद्राचे पाणी घरीच बनवायचे: आरओचे पाणी आणि त्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ. बोअरचे पाणी या भागात क्षाराचे असते, ते या कामाला चालत नाही.

टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. आत कोरडे खडक, हॅचरीत वाढवलेली क्लाऊनफिशची जोडी, दोन डॅमसेल, एक क्लीनर कोळंबी आणि काही गोगलगायी. प्रवाळ नाही. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते की त्या वाटेला जायचे नाही.

वर्षभर टाकीच्या मागे टांगायच्या फिल्टरवर काम चालले. पण मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, घरात कूलर लावूनही दुपारी पाणी ३१ अंशांवर. पाण्यावर तेलकट साय धरे. बाष्पीभवनामुळे क्षारता रोज वर सरके. हीटर, नळ्या, पंप सगळे माशांच्या मधोमध दिसे, आणि स्किमरला (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारे उपकरण) जागाच नव्हती. सम्प हवा होता: टाकीखाली दुसरे भांडे, ज्यात वरचे पाणी ओव्हरफ्लोतून उतरते, स्वच्छ होते आणि पंपाने परत वर जाते.

अडचण

पहिला अडसर लोखंडी स्टँडचा. समोर मधोमध एक उभा पाय वेल्ड केलेला. टाकी भरलेली, त्यामुळे स्टँड कापता येईना आणि काचेचा अखंड सम्प आत जाईना. बाजूने मात्र ४२ सेंटिमीटर रुंदीची मोकळीक होती. साठवणीचा प्लॅस्टिकचा टब तिथून सरकवता येत होता. कपडे-गोधड्या ठेवायला घेतात तसा, झाकणाचा, ६५ बाय ४०, काठोकाठ भरला तर ७५ लिटर.

भाऊंनी तो स्वतःच बसवला. पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह हे त्यांच्या रोजच्या हातातले काम, आणि जोडणी खरोखर नेटकी होती. टाकीची मागची काच टफन नव्हती, म्हणजे भोक पाडता येण्यासारखी होती. पाणी खाली उतरवून डायमंड बिटने वरच्या बाजूला भोक पाडून घेतले आणि ओव्हरफ्लो बसवला. हा निर्णय फार चांगला होता. भोक न पाडता काठावरून सायफनने पाणी उतरवणारे ओव्हरफ्लो मिळतात, पण त्यात हवा साठली की सायफन तुटतो, आणि वीज परत आल्यावर पंप मात्र वर पाणी ढकलत राहतो. जिथे वीज रोज जाते-येते तिथे ते लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टबात कप्पे हवेत म्हणून त्यांनी काचेचे दोन तुकडे सिलिकॉनने चिकटवले. काही दिवसांत सिलिकॉनची पट्टी अखंड सालीसारखी सुटून आली. टबाच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा होता, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. त्याच्यावर आणि पॉलिथिलीनवर सिलिकॉन धरत नाही, पीव्हीसीचे सोल्यूशनही धरत नाही. ते वेल्ड करावे लागते.

मग जूनच्या पहिल्या वादळी पावसात रात्री वीज गेली आणि टब भरून वाहिला. वीस-पंचवीस लिटर खारे पाणी फरशीवर आले, भिंतीच्या कडेने मुरून खाली दुकानात ठिबकू लागले. पाण्याच्या वाटेतच एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडलेला होता. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, नव्हता. वीज तेव्हा बंद होती म्हणून कुणाला झटका बसला नाही. पाणी पुसून झाल्यावर वहिनींनी आधी बोर्ड काढला आणि मग मला फोन केला.

भाऊंना एकच गोष्ट कळत नव्हती. "मी तर पंप बंद करून बघितलं होतं. बरोबर बसलं होतं तेव्हा."

हिशेब

ते खरेच बोलत होते, आणि या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच आहे.

पंप बंद पडला की दोन वाटांनी पाणी खाली येते. एक ओव्हरफ्लोच्या काठावरचा थर. दुसरे, पंपाचे पाणी वरच्या टाकीत सोडणाऱ्या परतीच्या नोझलमधून उलटे ओढले जाणारे पाणी: नोझलचे तोंड जितके खोल, तितके पाणी सायफनने खाली उतरते. वरच्या टाकीचा पृष्ठभाग १२० गुणिले ४५, म्हणजे ५,४०० चौरस सेंटिमीटर. दर सेंटिमीटरला ५.४ लिटर.

भाऊंचे नोझल पाण्याखाली ७ सेंटिमीटरवर होते. सायफन लवकर तुटावा म्हणून त्यांनी पाइपला २ सेंटिमीटरवर बारीक भोक पाडले होते. भोक उघडे असेल तर उतरणारे पाणी सुमारे ११ लिटर, पाइपांतले ३ धरून १४. टबात चालू पातळी २६ सेंटिमीटर होती, म्हणजे जवळपास ५८ लिटर. रिकामी जागा १७. चाचणीत काठाखाली थोडी जागा ठेवून पाणी थांबले, ते यामुळे.

पण ते भोक नेमके उजेडात होते. काही आठवड्यांत त्यावर शेवाळ चढले आणि भोक बुजले. आता सायफन तुटणार तो थेट नोझलच्या तोंडाशी: ७ सेंटिमीटर, म्हणजे ३८ लिटर आणि पाइपांतले ३. जागा १७ लिटरची, पाणी ४१ लिटर. फरशीवर जे आले ते गणिताबरहुकूम आले.

म्हणून चाचणी घ्यायची तर भोक बोटाने बंद धरून घ्यावी. नवे, स्वच्छ भोक पहिल्या दिवशी चालतेच. टबात पाणी मावते की नाही हे ठरते ते भोक बुजल्यावर.

दुसरी खूण वहिनींच्या वहीत सापडली. त्या रोज सकाळी टबातली पातळी लिहून ठेवत. एप्रिल-मेमध्ये ठरल्या मापाने पाणी घालूनही, आणि क्षारता न वाढताही, पातळी हळूहळू सेंटिमीटरभर खाली गेली होती. पाणी कुठे गळत नव्हते. टब रुंद झाला होता. लांब भिंती मधोमध फुगल्या होत्या आणि झाकण बसेनासे झाले होते.

पाण्याचा जोर उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ६० सेंटिमीटर लांब भिंतीवर २० सेंटिमीटर पाणी असेल तर एकूण जोर साधारण १२ किलोचा. २६ सेंटिमीटरला २० किलो. काठोकाठ ३४ सेंटिमीटर भरला तर ३५ किलो. गोधड्या ठेवायच्या टबाची भिंत यासाठी बनलेली नसते. पॉलिप्रोपिलीन लगेच फुटत नाही, ते सततच्या भाराखाली सावकाश वाकत जाते, आणि उष्णतेत हे वाकणे वेगाने होते. खान्देशातला उन्हाळा हा या टबाचा खरा शत्रू आहे. थंड हवेच्या गावात वर्षानुवर्षे टिकलेला टब इथे तसाच टिकेल असे धरून चालता येत नाही.

कोणते पर्याय होते

टाकी रिकामी करून स्टँड बदलायचा आणि काचेचा सम्प बसवायचा, हा सगळ्यात पक्का उपाय. कप्पे हवे तसे, फुगण्याची भीती नाही. पण वर्षभर स्थिरावलेले खडक आणि जिवाणू हलवायचे, तेही ऐन उष्म्यात, मासे तात्पुरत्या भांड्यात ठेवून. वहिनींचा याला ठाम नकार होता, आणि तो मला पटला.

निळा एचडीपीईचा (जाड, कडक पॉलिथिलीनचा) ड्रम आडवा कापून वापरणे हा दुसरा मार्ग. भिंत जाड, फुगत नाही. मात्र ड्रममध्ये आधी काय होते याची खात्री हवी. केळीच्या भागात ड्रम सहज मिळतात, पण त्यात फवारणीचे औषध कालवलेले असू शकते. कोळंबी आणि गोगलगायींच्या टाकीला असला ड्रम लावणे हा जुगार झाला असता. काळ्या, पुनर्वापराच्या प्लॅस्टिकची टोपलीवजा भांडी याच कारणाने बाद.

दोन छोटे टब पाइपने जोडून मालिका करायची, असे भाऊंच्या मनात होते. भिंतीच्या भोकातून पाइप नेण्यासाठी लागणारे टँक निपल आणि रबराचे ग्रोमेट दुकानात दोन्ही होते. मी विरोध केला. टबाच्या भिंतीला उभ्या पन्हळ्या असतात, वॉशर सपाट बसत नाही; भिंत फुगली की भोकाचा आकार बदलतो आणि गळती सुरू होते. शिवाय हाताशी असलेले निपल पितळी होते. पितळेत तांबे असते, खाऱ्या पाण्यात ते झिरपते, आणि मासे ज्या प्रमाणात तग धरतात त्यात कोळंबी मरते.

सम्प काढून टाकायचा हाही पर्याय बोललो. मग स्किमर नाही, थंड करायची सोय नाही, पाण्याचा साठा कमी. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच गत.

शेवटचा पर्याय म्हणजे टब ठेवायचा, पण भोक न पाडता, कमी भरून, बाहेरून आधार देऊन. तोच घेतला.

काय केले

आधी वीज. बोर्ड भिंतीवर, टबापेक्षा वर. प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या टोकाला गळून पडेल. इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हे झाल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, असे ठरवून घेतले.

मग नोझल. ते वर उचलून तोंड पाण्याखाली जेमतेम २ सेंटिमीटरवर आणले. आता भोक बुजले तरी फरक पडत नाही, कारण सायफन तुटण्याची जागा म्हणजे नोझलचे तोंडच. भाऊंनी पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सुचवला होता. तो ठिबकमध्ये रोज विकला जातो. पण खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर क्षार आणि शेवाळ बसते, एखादी छोटी गोगलगाय अडकते, आणि नेमका हवा तेव्हा तो मिटत नाही. व्हॉल्व्हवर भरवसा ठेवून कमी जागा सोडण्यापेक्षा जागाच सोडलेली बरी.

नवा, तसाच टब आणला, चाके नसलेला. चाकांच्या टबाचा तळ अधांतरी राहतो आणि मध्ये लोंबतो. खाली सपाट प्लायचा तुकडा. चालू पातळी २० सेंटिमीटर ठरवली: ४४ लिटर पाणी, ३१ लिटर जागा, आणि वाईटात वाईट १४ लिटर खाली येणार. भिंतीवर दोन रेघा मारल्या. निळी रेघ चालू पातळीची, लाल रेघ वीज गेल्यावर पाणी जिथे थांबायला हवे तिची. लाल रेघेच्या वर पाणी दिसले तर काहीतरी बिघडले आहे.

आधारासाठी लोखंडाची चौकट करायची नव्हती. सम्पभोवतीच्या खाऱ्या दमटपणात तिला गंज धरतोच. दुकानातल्या ३२ मिलिमीटर पीव्हीसी पाइपाची आयताकृती चौकट टबाभोवती घट्ट बसवली आणि मधोमध एक आडवा पाइप दोन्ही लांब बाजूंना बांधणारा. भाऊंचे हे काम पाहण्यासारखे होते. आडवा पाइप स्किमरला अडू नये म्हणून त्यांनी तो टी वापरून सरकता ठेवला.

कप्प्यांचा प्रश्न कप्पे न करताच सुटला. ओव्हरफ्लोचे पाणी टबाच्या एका टोकाला, भोके पाडलेल्या छोट्या बादलीत, फिल्टरच्या पिशवीतून पडते. बुडबुडे तिथेच विरतात. स्किमर २० सेंटिमीटर पाण्यात नीट चालणारा निवडला. पंप दुसऱ्या टोकाला.

पंपाबाबत थोडे सविस्तर सांगावे लागेल. कप्पे असलेल्या सम्पमध्ये ओव्हरफ्लो तुंबला तर पंप फक्त शेवटच्या कप्प्यातले पाणी वर चढवतो आणि कोरडा पडतो. उघड्या टबात तो जवळजवळ सगळे पाणी वर नेतो. भाऊंच्या जुन्या मांडणीत पंपाचे तोंड तळापासून ३ सेंटिमीटरवर होते, म्हणजे ५० लिटर वर जाऊ शकले असते. वरच्या टाकीत काठापर्यंत जागा ४ सेंटिमीटर, सुमारे २२ लिटर. हा पूर वरून आला असता, अजून आलेला नव्हता इतकेच. आम्ही पंप अॅक्रिलिकच्या स्टुलावर ठेवून त्याचे तोंड १२ सेंटिमीटरवर आणले. आता तो जास्तीत जास्त ८ सेंटिमीटर पाणी ओढू शकतो, १८ लिटरच्या आत.

पण याने नवा पेच तयार झाला. उघड्या टबात बाष्पीभवनाची सगळी घट टबातच दिसते. पाणी थंड ठेवायला पंखा लावल्यावर मे महिन्यात रोज ७ लिटरपर्यंत पाणी उडते, म्हणजे टबात ३ सेंटिमीटरची घट, आणि एका दिवसात क्षारता ३५ वरून ३६. म्हणून गोडे पाणी आपोआप भरण्याची सोय केली: १० लिटरचा कॅन, त्याला ठिबकचे ग्रोमेट आणि टेकऑफ (नळी जोडायचा तुकडा), १६ मिलिमीटरची लॅटरल म्हणजे ठिबकची नळी, टोकाला कूलरमध्ये लागतो तसा धातूचा भाग नसलेला प्लॅस्टिकचा फ्लोट. भोक पडले ते फक्त कॅनला, आणि त्यात गोडे पाणी.

कॅन २० लिटरचा घ्यावा असे भाऊंना वाटत होते, म्हणजे बाहेरगावी जाता येईल. मी आणि वहिनी १० वर अडून राहिलो. फ्लोट अडकून सगळा कॅन रिकामा झाला तर १० लिटरने क्षारता ३५ वरून ३३.६ पर्यंत उतरते. मासे आणि कोळंबी ते सोसतात, आणि टबातही ते मावते. २० लिटरला हे दोन्ही खात्रीने सांगता येत नव्हते. गावाला जाताना शेजारच्या मावशींना कॅन भरायला सांगायचे ठरले.

हीटर मात्र टबात ठेवला नाही. इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते आणि हीटर लागतो, पण पातळी उतरून हीटर उघडा पडला किंवा भिंतीला टेकला तर प्लॅस्टिक वितळते. तो वरच्या काचेच्या टाकीत, खडकाआड.

निकाल

सगळे बसल्यावर भाऊंनी भोक बोटाने दाबून धरले आणि वहिनींनी मुख्य स्विच बंद केला. पाणी लाल रेघेला थांबले. नंतर ओव्हरफ्लो मुद्दाम बुजवून पंप चालू ठेवला. वरची टाकी काठाखाली अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास थांबली आणि पंपाने हवा ओढायला सुरुवात केली. त्या पावसाळ्यात वीज अनेकदा गेली. पाणी लाल रेघेच्या वर गेले नाही.

उन्हाळ्यात सम्पवर छोटा पंखा लावला. कोरड्या हवेत याचा गुण मोठा: जे पाणी ३१ अंशांवर जायचे ते २८ च्या आसपास राहू लागले. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा परिणाम ओसरतो, पण तेव्हा गरजही कमी असते. वीज लांबली तर प्राणवायूसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप आहे. गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो, त्यामुळे मे महिन्यातली वीज जाणे जानेवारीतल्यापेक्षा जास्त धोक्याचे.

कोळंबी नियमित कात टाकते आहे, क्लाऊनफिशनी खडकावर अंडीही घातली. खालच्या स्लॅबमध्ये खारे पाणी मुरले होते तिथे गिलावा खरवडून, गोड्या पाण्याने वारंवार धुऊन पुन्हा लिंपला. क्षाराने सळईला गंज चढतो, ते असेच सोडून चालले नसते.

टब मात्र कायमचा नाही. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर चौकट काढून पाहिली तेव्हा दोन कोपऱ्यांत पांढरे चट्टे आले होते. प्लॅस्टिक ताणले गेले की असे पांढरे पडते. गळती नव्हती, तरी टब त्याच आठवड्यात बदलला. पाणी कॅनमध्ये काढून, टब बाजूने ओढून, नवा सरकवायला सकाळ पुरली. काचेच्या सम्पला हे जमले नसते, हा प्लॅस्टिकचा खरा फायदा आहे.

वेगळे काय करता आले असते

टब उंचीला कमी आणि पसरट घ्यायला हवा होता. ४२ सेंटिमीटरच्या वाटेमुळे रुंदी अडली होती, पण लांबी वाढवता आली असती. स्टँडखाली ११० सेंटिमीटर जागा आहे. तेवढेच पाणी १४-१५ सेंटिमीटरच्या खोलीत मावले असते, एका हात लांबीच्या भिंतीवरचा जोर निम्म्यावर आला असता आणि बाष्पीभवनाने पातळीही कमी उतरली असती. अडचण स्किमरची, इतक्या उथळ पाण्यात चालणारे स्किमर कमी मिळतात. म्हणजे आधी स्किमर निवडायचा, मग त्याच्या खोलीवरून टब. भाऊंनी आधी टब आणला आणि बाकी सगळे त्याच्या मापात बसवावे लागले.

वहिनींची वही महिनाभर आधी नीट वाचली गेली असती तर टब फुगतो आहे हे मेमध्येच कळले असते. पाणी घालूनही पातळी उतरते आणि क्षारता वाढत नाही, या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की दोनच शक्यता उरतात: टब गळतो आहे किंवा पसरतो आहे.

एका गोष्टीवर आमचे अजून एकमत नाही. भाऊंचे म्हणणे, पंपाला इन्व्हर्टर लावला तर वीज गेल्यावर पाणी खाली येण्याचा प्रश्नच उरत नाही. माझे म्हणणे, इन्व्हर्टरही कधीतरी संपतो, आणि तो संपतो ते बहुधा पहाटे, सगळे झोपलेले असताना. इन्व्हर्टर माशांच्या प्राणवायूसाठी लावावा. टबातली ३१ लिटरची रिकामी जागा त्यासाठी एका लिटरनेही कमी करू नये. सध्या इन्व्हर्टर लावलेला आहे, आणि निळी रेघ २० सेंटिमीटरवरच आहे.